काट्यावाल्या अक्का

सोलापुरात मे महिन्यात चालता पंखा बंद करणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या ऑफिसात मात्र अक्का उठून खुशाल पंखा बंद करायच्या आणि ब्र काढायची कुणाची हिंमत नसायची. "थांबा रे जरा. ह्याच्या घरघरीत माझं डोकं चालत न्हाई," एवढं म्हणून त्या खुर्चीत बसायच्या, डोळे मिटायच्या, आणि आम्ही सगळे घाम पुसत त्यांचं डोकं चालू व्हायची वाट बघायचो. घरातल्या पुढच्या खोलीत बापाचे दोन माग, त्या खडखडाटात ही बाई लहानाची मोठी झालेली, तिथेच अभ्यास करून शिकलेली. तिला पंख्याचा त्रास व्हावा हे आम्हाला काही केल्या पटायचं नाही. एकदा मी तसं म्हणालो. "मागाचा आवाज कामाचा असतोय. पंखा नुसताच वरडतोय," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

नाव विजयालक्ष्मी. पण ते फक्त पगाराच्या दिवशी कळायचं. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी अशा सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या, त्यामुळे तिन्ही भाषांत भांडता यायचं, आणि तिन्ही भाषांत त्या भांडायच्या नाहीत. आमचे मालक पाटील सर त्यांच्याहून वयाने मोठे, तेही त्यांना अक्काच म्हणायचे. पायात साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज, कारण गुडघे. स्कूटी अशी चालवायच्या की सायकलवाले मागून घंटी वाजवायचे. डब्यात कडक भाकरी आणि दह्यात कालवलेली शेंगाची चटणी. आपली भाकरी आमच्यासमोर मोडून ठेवायच्या आणि आमच्या डब्यातलं काही विचारल्याशिवाय उचलायच्या नाहीत. आम्ही मात्र न विचारता त्यांची चटणी संपवायचो.

ऑफिस म्हणजे साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या दुकानाच्या वरची एक लांबट खोली. टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. सूत किती आलं, माल किती विणला, त्याच्या बांधलेल्या गाठी किती बाहेर पडल्या, हे सांभाळणारे. आता सगळं जग मोबाईलवर आणि इंटरनेटवर गेलंय. आमचे प्रोग्रॅम अजून कारखान्यातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्येच मुक्काम ठोकून होते. पाटील सरांना वर्षातून एकदा आधुनिक व्हायचा झटका यायचा. "अक्का, आपण सगळं क्लाउडवर टाकू या." अक्का शांतपणे विचारायच्या, "टाकू की. काटा पण ढगात टांगायचा का खालीच ठेवायचा?" मग सर पुढच्या वर्षापर्यंत गप्प.

हा काटा म्हणजे कारखान्यात गाठींचं वजन करणारा. तो वायरीने कॉम्प्युटरला जोडलेला असतो. अक्कांनी त्याच्यासाठी पडद्यावर बसवायचा एक तुकडा फार वर्षांपूर्वी लिहिला होता. त्यात वजनाचा मोठा हिरवा आकडा दिसायचा, आणि आकडा स्थिर झाला की गाठ आपोआप नोंदली जायची. आमच्या धंद्यात अशा तुकड्याला युजर कंट्रोल म्हणतात. दोन बटणं, चार चौकटी एकत्र बांधून एकदाच तयार करायचा आणि मग हव्या त्या स्क्रीनवर नेऊन बसवायचा. अक्कांचा तो तुकडा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कितीतरी कारखान्यांत चालू होता. तिकडचे कामगार त्यांना काट्यावाल्या अक्का म्हणूनच ओळखायचे.

मी मोहोळहून कॉलेज संपवून नुकताच आलो होतो आणि मला सगळं येत होतं. पहिल्याच आठवड्यात मी गिऱ्हाइकाचं नाव-गाव भरायचा एक कंट्रोल लिहिला. त्यातलं 'सेव्ह' बटण दाबलं की तो कंट्रोल थेट ऑर्डरच्या स्क्रीनमध्ये हात घालायचा आणि तिथला तक्ता स्वतःच भरून टाकायचा. चालत होतं झकास. दुसऱ्या स्क्रीनवर बसवला आणि सगळं कोसळलं, कारण तिथे तो तक्ताच नव्हता. अक्कांनी मागे उभं राहून बघितलं आणि पंखा बंद केला.

"मोहोळकर, हे कुणाच्या घरात शिरलंय रे?"

मला काही कळलं नाही. त्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल सांगता येत न्हाई. ज्या बाईच्या नळाला पहिलं येतं, ती दारात येऊन वरडती, 'पाणी आलं!' बरोबर? मग ती घरोघरी जाऊन सगळ्यांचे हंडे भरत बसती का?"

"नाही."

"कोण पाइप लावतं, कोण हंडा लावतं, एखादी म्हणती आमची टाकी भरलीय. तिला काय करायचंय त्याच्याशी? तिनं हाक द्यायची, झालं तिचं काम. तुझ्या कंट्रोलनं पण तेवढंच करायचं. बटण दाबलं, हाक दे. ज्या स्क्रीनला ऐकायचंय ती ऐकंल, आणि काय करायचं ते तिचं ती ठरवंल."

या हाकेला आम्ही इव्हेंट म्हणतो. कॉलेजात मी यावर उत्तरं लिहून चांगले मार्क मिळवले होते, पण ते पाण्याचं आहे हे मला त्या दिवशी कळलं. अक्कांच्या नियमाला आणखी एक शेपूट होतं: ऐकायला बसलेल्या स्क्रीनने बंद होताना 'मी आता ऐकत नाही' असं सांगून उठायचं. न सांगता उठली, तर खिडकी पडद्यावरून जाते पण तिचे कान तिथेच राहतात, आणि पुढच्या हाकेला ती मेलेली खिडकीही कामाला लागते. "बसलास तर सांगून ऊठ," असं त्या म्हणायच्या, आणि आमच्याकडून ते पाढ्यासारखं घोकून घ्यायच्या.

घरच्या गोष्टींतही बाईचं असंच. माझी आई एकदा मोहोळहून खास बसने ऑफिसात आली. मी लग्नाचं टाळतोय, तर अक्कांनी मला चार शब्द सुनवावेत, असा तिचा बेत. दोघींचा तासभर चहा झाला. आई समाधानाने गेली. अक्का माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आईनं सांगितलंय, रविवारी मुलगी बघायला ये. सांगितलं मी." आणि जाऊन काम करायला लागल्या. मी दिवसभर उपदेशाची वाट बघत होतो. संध्याकाळी न राहवून मीच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं अक्का?" "मला कुठं करायचंय लग्न?" म्हणाल्या. मी रविवारी निमूट गेलो. ती मुलगी आता माझी बायको आहे, आणि आईची आजही समजूत आहे की अक्कांनी मला चांगलं झापलं होतं.

अशा या बाईंना मी एकदाच गडबडलेलं बघितलं.

एका दुपारी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यातून पेढ्यांचा बॉक्स आला. पाटील सर फोन ठेवून खुशीत बाहेर आले. "शेठ म्हणतायत, तुमच्या कॉम्प्युटरने चोर धरून दिला! घ्या, तोंड गोड करा." सगळ्यांनी पेढे उचलले. अक्कांनीही उचलला, पण तोंडात घातला नाही.

"कोण चोर?"

"कुणी मल्लप्पा म्हणून आहे. काट्यावर बसायचा. कॉम्प्युटरात गाठी जास्त दिसतात, गोदामात कमी भरतात. आणि घोळ सगळा त्याच्याच पाळीतला. दुसऱ्या पाळीत एका गाठीचा फरक नाही. शेठनी काल सगळ्यांसमोर हाकलला त्याला."

"आधी कधी फरक यायचा?"

"कधीच नाही. हा काट्यावर आला आणि सुरू झाला. म्हणजे बघा."

अक्कांनी पेढा बॉक्सच्या झाकणात ठेवला आणि स्कूटीची किल्ली घेतली. "चल रे मोहोळकर." त्या दिवशी एकाही सायकलवाल्याने आमच्यामागे घंटी वाजवली नाही. मी मागे सीट धरून बसलो होतो.

मल्लप्पा मैंदर्गीचा. सगळी उमर मागावर गेलेली. डोळ्यांना तुटलेलं सूत दिसेना, तेव्हा शेठनीच दया करून त्याला काट्यावर बसवलं होतं. शेठ माणूस वाईट नव्हता. म्हणूनच त्यांना जास्त लागलं होतं. "दया केली त्याचं हे फळ," ते आम्हाला म्हणाले. अक्का काट्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि गाठी शिवणाऱ्या बाईंना विचारलं, "मल्लप्पा कामाला कसा होता हो? बाकीच्यांपेक्षा काय येगळं करायचा का?"

बाईंनी आधी शेठकडे बघितलं, मग बोलल्या. "लई शिस्तीचा माणूस. डबा पण हितंच बसून खायाचा. मोठा लॉट निघाला की पाळी संपायच्या आदी एकदाच चहाला उठायचा, आन उठताना ते कॉम्प्युटरवरलं मिटवून जायाचा. मी म्हणायची, राहू द्या की मामा, कोण खातंय व्हय त्याला? तर म्हणायचा, चालू माग सोडून उठत न्हाईत."

अक्कांचा चेहरा पडलेला मी बघितला. त्या खुर्चीत बसल्या. हिरवा आकडा मुख्य पडद्यावर पाळीभर राहायचा, आणि गाठी नोंदणारी खिडकी वेगळी उघडायची. अक्कांनी ती खिडकी बंद केली, पुन्हा उघडली आणि काट्यावर एक गाठ ठेवायला सांगितली. मोजणी एकाने वाढायला हवी होती. दोनाने वाढली. पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. तीच गाठ तीनदा नोंदली गेली.

"माझंच हाय हे," त्या म्हणाल्या.

ते अक्कांनी सर्वांत पहिल्यांदा लिहिलेलं काम होतं, आमच्यापैकी कुणी ऑफिसात यायच्या आधीचं. त्या खिडकीने बंद होताना सांगून उठायला हवं होतं, आणि ती एक ओळ तिथे नव्हती. इतकी वर्षं ते कुणाला कळलं नाही, कारण काट्यावर बसणारा कुणीही ती खिडकी पाळीभर बंदच करत नसे. मल्लप्पा करत होता. चहा पिऊन येऊन तो खिडकी उघडायचा आणि मग पाळी संपेपर्यंत ज्या थोड्या गाठी निघायच्या, त्या सगळ्या दुप्पट व्हायच्या. पाळी बदलताना कॉम्प्युटर बंद करून नव्याने लावायचे, त्यामुळे पुढची पाळी साफ निघायची. जो माणूस नीट वागला, तोच चोर ठरला होता. मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली, आणि माझा तर त्यात काहीच हात नव्हता.

संध्याकाळी पाटील सरांनी ऑफिसचं दार लावून घेतलं. "अक्का, नवीन व्हर्जन टाकून देऊ गुपचूप. शेठला सांगू काट्याच्या वायरीत दोष होता. माणसाला ते परत घेतील, आपलंही नाव राहील. बाकीचे कारखाने काय म्हणतील, विचार करा."

"वायर बिचारी काय बोलणार," अक्का म्हणाल्या. मग डबा पिशवीत घालत, "सर, नाव तर त्याचं पण होतं की."

खरं सांगायचं तर मला तेव्हा सरांचं पटत होतं. बाई आता सगळ्यांच्या पोटावर पाय देणार असं वाटून मला त्यांचा रागही आला होता. त्या मात्र दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेल्या आणि शेठना सरळ सांगून आल्या की दोष वायरीचा नाही, काट्याचा नाही, मल्लप्पाचा तर नाहीच. मी लिहिण्यात चुकले. शिवाय आम्हाला सगळ्या गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरात ती ओळ जाऊन घालायला लावली, आणि प्रत्येक ठिकाणी ती का घालतोय ते सांगायला लावलं. सर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

शेठनी मल्लप्पाला फोन केला, कामावर ये म्हणाले. मल्लप्पा आला नाही.

"आता मी काय करू? पाया पडू?" शेठ वैतागले. अक्का म्हणाल्या, "मी बघते." रविवारी त्या आणि मी एसटीने मैंदर्गीला गेलो. मल्लप्पा भावाच्या घरासमोर बाजेवर बसला होता. उंच, वाळका माणूस. आम्हाला बघून उठला, आत सांगून चहा मागवला. अक्कांनी कन्नडात सुरुवात केली, पण तो मराठीतच बोलला, बहुधा माझ्यासाठी.

"मी काय घेतलो न्हाई अक्का."

"मला ठाऊक हाय. चूक माझी हाय. खिडकी मिटवलेली कळावी म्हणून एक ओळ लिहायची असती, ती मी लिहिली न्हाई. तुम्ही मिटवत होता ते बरोबर होतं."

त्याने चहा त्यांच्यापुढे सरकवला. "तुमी हितंवर आलात, बरं वाटलं."

"मग या की उद्यापासून. शेठनी फोन केलाय न्हवं?"

"केले की. ये म्हणाले. कशाला ये ते सांगितले न्हाईत." त्याने चहाची बशी खाली ठेवली. "अक्का, चोर हाय म्हणलेलं सगळं शेड ऐकलंय. माझा जावई तितंच मागावर हाय, त्यो पण ऐकलाय. पोरीनं मला फोन केला तर नुसती रडली, काय इचारली पण न्हाई. आता चोर न्हाई म्हणलेलं मी एकटाच ऐकू व्हय? फोनात?"

अक्का म्हणाल्या, "पाळी बदलताना या मंगळवारी. शेडमधी."

परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मी म्हणालो, "शेठना बोलायला सांगू या. तुम्ही कशाला?" "हाकलले शेठ, पण त्यांना सांगितलं कुणी? माझ्या काट्यानं," त्या म्हणाल्या. 

मंगळवारी मी आधीच ऑफिसातून मोकळा झालो होतो. पुण्यात नोकरी लागली होती आणि त्याच संध्याकाळची गाडी होती. बॅग घेऊनच मी कारखान्यात गेलो. आता अक्का लेकीकडे हैदराबादला असतात, सणावाराला फोन होतो, पण प्रत्यक्ष भेट पुन्हा झाली नाही. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या दिवशी.

दुपारची पाळी बदलताना थोडा वेळ माग थांबतात. एक पाळी डबे उचलत असते, दुसरी आत शिरत असते, सगळं शेड माणसांनी भरतं. शेठ काट्याजवळ अवघडून उभे होते. "या बाईंना काहीतरी सांगायचंय," एवढंच बोलून ते बाजूला झाले. मल्लप्पा दारातच थांबला होता. त्याचा जावई आपल्या मागापाशी मान खाली घालून उभा होता.

अक्का काट्याच्या लोखंडी पाटावर चढल्या, दिसावं म्हणून. त्यांचं वजन समोरच्या पडद्यावर हिरव्या आकड्यात उमटलं आणि मागे कुणीतरी हसलं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"मी काट्याचा प्रोग्रॅम लिहिणारी. मल्लप्पांच्या पाळीतल्या गाठी चोरीला गेल्या न्हाईत. त्या गाठी नव्हत्याच. माझ्या चुकीनं कॉम्प्युटर एका गाठीच्या दोन लिहीत होता. ते कामाच्या शिस्तीनं वागले म्हणून ती चूक त्यांच्या अंगावर आली. दोष माझा हाय."

 मग त्यांनी तेच सगळं तेलुगूत सांगितलं, काही न वगळता. मला तेलुगू येत नाही, पण मल्लप्पाचं नाव आणि त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवलेला हात, एवढं मला कळलं. तेलुगू बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग अक्का कन्नडात सुरू झाल्या. मैंदर्गी, अक्कलकोटकडची माणसं मागच्या बाजूला होती, त्यांच्याकडे वळून.

तेवढ्यात भोंगा झाला. नव्या पाळीतल्या कुणीतरी सवयीने माग चालू केला, मग शेजारचा, मग ओळीने सगळे. खडखडाटात अक्कांचा आवाज बुडून गेला. शेठनी हाताने खूण केली, पुरे, उतरा. मीही खूण केली. माझी गाडी चुकणार होती, आणि दोन भाषांत तर सांगून झालंच होतं.

अक्कांनी आमच्याकडे बघितलं नाही. त्या बोलत राहिल्या. मल्लप्पा दारातून निघाला, गाठींमधून वाट काढत पुढे आला आणि त्यांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर येऊन थांबला. कान जरा पुढे करून तो ऐकत होता. त्याचा जावई माग बंद करून त्याच्यामागे येऊन उभा राहिला. मी दाराशी पोचून वळून बघितलं, तेव्हा त्या दोघांसमोर अक्का अजून बोलतच होत्या.